पोखऱ्याला जाऊ दे, अनाथाश्रमात नको

प्रश्न : माझ्या मुलीची नुकतीच बी.ए.ची परीक्षा झाली. नेपाळमध्ये पोखऱ्याच्या एका अनाथाश्रमात तीन आठवडे राहून मुलांना इंग्रजी शिकवायचं तिच्या मनात आहे. एक संस्था त्यासाठी राहण्याजेवणासह चाळीस हजार रुपये घेते. तिची तळमळ खरी आहे, पण सेवेसाठी पैसे भरायचे हे मला पटत नाही. पाठवू का?
— एक आई, पुणे

उत्तर : तुमची शंका पैशांपाशी थांबली आहे, माझी त्याच्या पुढची आहे. तिथली मुलं खरंच अनाथ आहेत का?

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात दलालांनी हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून मुलं काठमांडूला आणली. ‘शहरात शिकवतो’ म्हणून आईबापांकडून पैसे घेतले आणि कागदोपत्री मुलांना अनाथ करून टाकलं. लढाई संपली, धंदा चालूच राहिला. आजही तिथली बहुतेक बालगृहं काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागात आहेत. गरिबी काय फक्त तिथंच आहे? कंबोडियात २००५ ते २०१० या काळात बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली आणि त्यांतल्या चारपैकी तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. पैसे देणारे पाहुणे येतात, म्हणून मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियाने तर २०१८मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली.

मी बरीच वर्षं बालगृहात अधीक्षिका होते. वाढदिवसाला केक घेऊन कुणी आलं की लहान मुलं धावत जाऊन त्यांच्या कडेवर चढायची. पाहुणे म्हणायचे, किती लळा लावतात हो! आम्हाला त्याचीच काळजी वाटायची. घरात वाढलेलं मूल परक्या माणसाला आधी बिचकतं, आईच्या पदराआड जातं. दिसेल त्याच्या गळ्यात पडणारं मूल फार वेळा सोडून दिलं गेलेलं असतं. तीन आठवड्यांनी तुमची मुलगी रडत निघेल, आणि सोमवारी दुसरी ताई येऊन पुन्हा एबीसीडीपासून सुरू करेल. या मुलांनी किती जणींना निरोप द्यायचा?

शिवाय डी.एड., बी.एड. नसताना पुण्यातली एखादी चांगली शाळा तिला वर्गावर उभी करेल का? आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असा फोटोसुद्धा छापता येत नाही. त्या संस्थेच्या जाहिरातीत मुलांचे हसरे चेहरे असतील, तर तेवढ्यावरूनच मी नाही म्हणेन.

तिची तळमळ मात्र वाया जाऊ देऊ नका. घराजवळच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी, वर्षभर न चुकता जायला सांगा; मुलांना तिचा खरा उपयोग तिथं होईल. आणि नेपाळला जरूर जाऊ दे, पाहुणी म्हणून. पोखऱ्याहून स्यांग्जा जिल्ह्यातल्या सिरुबारीला जाता येतं. गुरुंग समाजाच्या या गावाने १९९७मध्ये घरगुती मुक्कामाची सोय सुरू केली. कोणता पाहुणा कुणाच्या घरी उतरेल हे गावची समिती ठरवते, त्यामुळे पैसे एकाच घरात साठत नाहीत. तिथं राहण्याचे पैसे तिने आनंदाने द्यावेत.