ब्यूटेनचं अपूर्ण ज्वलन: तुमची दोन्ही समीकरणं बरोबर आहेत, प्रश्नच अपुरा आहे

तुमचा प्रश्न असा: ब्यूटेन (C₄H₁₀) अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये जळून कार्बनचे दोन्ही ऑक्साईड आणि पाणी तयार होतं, त्याचं संतुलित समीकरण लिहा. तुम्ही १ ब्यूटेन आणि ६ ऑक्सिजन (O₂) घेऊन ३ कार्बन डायऑक्साईड, १ कार्बन मोनॉक्साईड आणि ५ पाणी असं समीकरण मांडलंत. मैत्रिणीने ५ ऑक्सिजन घेऊन १ डायऑक्साईड, ३ मोनॉक्साईड आणि ५ पाणी काढलं. मी अणू मोजले, दोन्ही समीकरणं चोख संतुलित आहेत, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंना सारखेच आहेत. उत्तरसूचीत मात्र तिसरंच आहे: २ ब्यूटेन, ११ ऑक्सिजन, ४ डायऑक्साईड, ४ मोनॉक्साईड, १० पाणी. आणि तुमचे सर म्हणतात, "संतुलित समीकरण एकच असतं." याच वाक्यापायी माझे गुण गेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संतुलन कसं करायचं ते तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. पूर्ण ज्वलनात, म्हणजे नुसता डायऑक्साईड आणि पाणी होतं तेव्हा, सहगुणक (प्रत्येक पदार्थाआधीचे आकडे) चार आणि अटी तीन (कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन), त्यामुळे सगळ्यांचं गुणोत्तर पक्कं ठरतं. मोनॉक्साईड आला की सहगुणक पाच होतात, अटी मात्र तीनच राहतात. म्हणजे एक गोष्ट मोकळी सुटते. एका ब्यूटेनसाठी ४.५ पासून (नुसता मोनॉक्साईड) ६.५ पर्यंत (नुसता डायऑक्साईड) ऑक्सिजन कितीही घ्या, समीकरण संतुलित होणारच.

मग सूचीतलं उत्तर आलं कुठून? माझा अंदाज असा की कुणीतरी दोन टोकांची समीकरणं (नुसता डायऑक्साईड आणि नुसता मोनॉक्साईड) घेऊन सरळ बेरीज केली. २ ब्यूटेनला १३ ऑक्सिजन आणि २ ब्यूटेनला ९ ऑक्सिजन. बेरीज करून निम्मं केलं की तुमच्या सूचीतलं समीकरण जसंच्या तसं मिळतं. बेरीज चूक नाही. पण तिच्यातून निघालेलं एकास एक हे प्रमाण ज्योतीत घडलं, याला आधार काय?

माझ्या वेळी प्रश्न प्रोपेनचा (C₃H₈) होता आणि दोन्ही ऑक्साईड दाखवा एवढंच म्हटलं होतं. मी २ प्रोपेन, ९ ऑक्सिजन, ४ डायऑक्साईड, २ मोनॉक्साईड, ८ पाणी लिहिलं. सूचीत होतं १ प्रोपेन, ४ ऑक्सिजन, १ डायऑक्साईड, २ मोनॉक्साईड, ४ पाणी. माझ्या उत्तरावर आडवी रेघ. फेरतपासणीचा अर्ज केला, सोबत दोन्ही समीकरणांतले अणू मोजून दाखवणारा कागद जोडला. फेरतपासणीच्या कार्यालयाने कागद न वाचताच परत दिला आणि सांगितलं, "उत्तर सूचीशी जुळत नाही, आम्ही सूची तपासत नाही." मग तपासतं कोण, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. गुण गेल्याचं दुःख ओसरलं, पण बरोबर रसायनशास्त्र लिहिणाऱ्याला चूक ठरवलं जातं आणि तो पुढे स्वतःवरच शंका घ्यायला लागतो, याची चीड आजही येते.

खरं तर प्रश्नात ऑक्सिजन किती ते द्यायला हवं, नाहीतर दोन ऑक्साईडांचं प्रमाण. ते दिलं की काम सोपं आहे. समजा १ मोल (रेणू मोजायचं ठरलेलं एकक) ब्यूटेनला ५.२ मोल ऑक्सिजन आहे. आधी सगळ्या हायड्रोजनचं पाणी आणि सगळ्या कार्बनचा मोनॉक्साईड करा, त्यात ४.५ मोल जातात. उरले ०.७. एका मोनॉक्साईडचा डायऑक्साईड करायला अर्धा रेणू ऑक्सिजन लागतो, म्हणून १.४ मोल डायऑक्साईड आणि २.६ मोल मोनॉक्साईड. वस्तुमानाने पडताळा: डावीकडे ब्यूटेन ५८ आणि ऑक्सिजन १६६.४, उजवीकडे डायऑक्साईड ६१.६, मोनॉक्साईड ७२.८ आणि पाणी ९०; दोन्हीकडे २२४.४ ग्रॅम. ही फक्त हिशेबाची पद्धत आहे हं. ज्योतीत गोष्टी याच क्रमाने घडतात असा माझा दावा नाही. तिथे थोडा हायड्रोजन आणि न जळलेलं इंधनही उरू शकतं. अपूर्णांकी सहगुणकांना घाबरू नका, शेवटी ५ ने गुणलं की सगळे पूर्णांक होतात.

काजळी (नुसता कार्बन) धरली तर आणखी एक गोष्ट मोकळी सुटते. १ प्रोपेन आणि ३ ऑक्सिजनपासून १ कार्बन, २ मोनॉक्साईड, ४ पाणी मिळतं, आणि तेवढ्याच ऑक्सिजनपासून १ डायऑक्साईड, २ कार्बन, ४ पाणीही मिळतं. म्हणजे इथे ऑक्सिजनचा आकडा दिला तरी भागत नाही. संतुलन करून देणारी संगणकीय साधनं अशा वेळी कधी एखादंच उत्तर दाखवतात. त्यावरून उत्तर एकच आहे असं समजू नका.

परीक्षेत काय करायचं? माझं मत विचाराल तर गृहीतक उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहा: "दोन्ही ऑक्साईड समप्रमाणात मानून." तुमचे परीक्षक ते मान्य करतील याची हमी मी देऊ शकत नाही, पण निदान तुमचं समीकरण कशावरून आलं ते कागदावर राहतं.

आणि सरांशी बोलायला जाल तेव्हा ब्यूटेनऐवजी प्रोपेन घेऊन जा. ब्यूटेनच्या दोन्ही टोकांच्या समीकरणांत इंधनाचा सहगुणक २ च असतो, म्हणून बेरजेत एकास एक प्रमाण येतं आणि ते नैसर्गिक वाटतं. प्रोपेनमध्ये पूर्ण ज्वलनाला १ आणि मोनॉक्साईडवाल्याला २ लागतात, म्हणून त्याच बेरजेत एकास दोन येतं. इंधन बदललं म्हणून प्रमाण बदललेलं नाही, अपूर्णांक घालवायला दोनाने गुणलं म्हणून बदललं. न गुणता, साडेतीन ऑक्सिजन तसेच ठेवून बेरीज केलीत तर प्रोपेनचंही एकास एकच येतं. हे दोन्ही हिशेब त्यांच्यासमोर शेजारी शेजारी मांडा.