गोंदिया ते सिंधुदुर्ग : हवाई अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ

गोंदियाचा बिरसी विमानतळ आणि सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ यांच्यातील हवाई अंतर किती, आणि एका संकेतस्थळाने दाखवलेला १ तास ४० मिनिटांचा वेळ धरून वयस्कर आईवडिलांचा प्रवास आखावा का, असे आपण विचारले आहे. अंतर सुमारे ९४० किलोमीटर आहे. त्या वेळेवर मात्र कृपया विसंबू नका.

अंतर मी अक्षांश-रेखांशांवरून काढले. बिरसी साधारण २१.५३ उत्तर व ८०.२९ पूर्व येथे आहे, तर चिपी १६.०० उत्तर व ७३.५३ पूर्व येथे. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र जवळपास १११ किलोमीटरांचा असतो, म्हणून दक्षिणेकडचे साडेपाच अंश ६१४ किलोमीटर भरतात. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना आखडत जातो, आपल्या पट्ट्यात तो सुमारे १०५ किलोमीटरांचा उरतो, आणि पश्चिमेकडचे पावणेसात अंश ७१२ किलोमीटर होतात. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ९४० किलोमीटर येतो.

अशी संकेतस्थळे बहुधा अंतराला जेट विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरांच्या आसपासच्या आकड्याने, भागतात आणि उड्डाण व उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवतात. आपल्याला दिसलेली वेळ नेमकी अशीच आलेली दिसते. परंतु लहान विमानतळांवरील प्रादेशिक सेवेत प्रामुख्याने एटीआर ७२ हे पंख्याचे विमान असते आणि त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या थोडा वर असतो. त्या वेगाने केवळ अंतर कापायलाच सुमारे १ तास ५० मिनिटे लागतील, आणि धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व उतरणे धरून सव्वादोन तास होतील. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा समोरून ताशी ५० किलोमीटरांचा मिळाला, तर आणखी बारा-तेरा मिनिटे वाढतील. परतीला तोच वारा वेळ वाचवील.

हा हिशेब थेट विमानाचा झाला, आणि या दोन गावांमध्ये थेट सेवा नाही. इंडिगोने डिसेंबर २०२३ मध्ये गोंदिया-हैदराबाद आणि फ्लाय नाइन्टी-वनने मार्च २०२४ मध्ये हैदराबाद-सिंधुदुर्ग सेवा सुरू केली. हैदराबादमार्गे अंतर सुमारे १,०५५ किलोमीटर, म्हणजे थेट अंतरापेक्षा फार जास्त नाही. पण दोन उड्डाणांचे मिळून अडीच-तीन तास आणि मधला थांबा वेगळा. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे असल्यास हैदराबादला सामान घेऊन पुन्हा नोंदवावे लागते, आणि पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तर ते तिकीट वाया जाण्याची शक्यता असते. म्हणून मधे किमान चार तास ठेवावेत, आणि दोन्ही सेवा आपल्या तारखेला आहेत की नाहीत, हे तिकीट काढण्यापूर्वी तपासावे.

माझ्या आईवडिलांचा प्रवास असता, तर मी त्यांना गोंदियाहून रेल्वेने नागपूरला आणले असते, रात्री मुक्काम करवला असता आणि दुसऱ्या दिवशी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबईचे विमान धरून पुढे कोकण रेल्वेने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळला नेले असते. वेळ जास्त लागतो, परंतु वाटेत एखादी गाडी किंवा विमान चुकले, तरी दुसरे मिळण्याची शक्यता त्या मार्गावर कितीतरी अधिक आहे.