आठवा महिना लागलाय, साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं. कसं निभावू?

ताई, आधी मालकाला लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानात, तारखेआधीच्या साधारण अडीच महिन्यांत तुम्ही मागणी केलीत की कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम कायद्याने देता येत नाही. त्यासाठी पगारही कापता येत नाही. तरतूद १९६१ पासूनची, तरी कितीतरी जणींना कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं. दोन मुलांपर्यंत २६ आठवडे भरपगारी रजा असते, त्यातले ८ बाळंतपणाआधी घेता येतात.

तोवर बसायला स्टूल मागून घ्या, गठ्ठे उचलू नका, लघवी अडवू नका. पोट सारखं कडक होत असेल, अंगावरून रक्त गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कामाची वेळ संपायची वाट न बघता दवाखाना गाठा.