विज्ञानकथेतले चलन : 'दहा क्रेडिट दिले' की 'दिली'?

प्रश्न असा आला आहे : अंतराळात घडणाऱ्या कथेचे मराठी भाषांतर चालू आहे. पात्रे 'क्रेडिट' आणि 'लॅटिनम' या चलनांत व्यवहार करतात. 'क्रेडिट'ला 'पत' किंवा 'श्रेय' म्हणावे का? मूळ शब्दच ठेवला, तर लिंग कोणते आणि अनेकवचन कसे करायचे?

'श्रेय' इथे अजिबात बसत नाही. 'पत' अर्थाने जवळचा आहे. पतपेढी, पतपुरवठा, अर्थशास्त्रातला पतपैसा हे सगळे त्याच घरातले. पण पत असते, जाते, राखावी लागते; मोजता मात्र येत नाही. मोजायला गेलो तर अनेकवचन 'पती' होते आणि 'तीन पती दिल्या' असले वाक्य हाती येते. वहीतला 'जमा' हा शब्दही याच कारणाने अडतो. चलनाच्या नावाची पहिली अट म्हणजे त्याच्यामागे आकडा सहज बसला पाहिजे. म्हणून 'क्रेडिट' तसाच ठेवावा.

लिंगाचा निर्णय जरा विचार करून घ्यावा. रोजच्या बोलण्यात 'क्रेडिट' नपुंसकलिंगी आहे : 'सगळं क्रेडिट त्यानं घेतलं.' चलनासाठी मात्र तो पुल्लिंगी करावा. रुपया, पैसा, आणा, होन, डॉलर, पौंड, रुबल, दिनार हे सगळे पुल्लिंगी, त्यामुळे मराठी कानाला चलन पुल्लिंगीच अपेक्षित असते. (मोहोर, कवडी, दमडी स्त्रीलिंगी आहेत, पण त्यांतली मोहोर आणि कवडी ही वस्तूंची नावे आधी आणि चलनाची नंतर.) दुसरा फायदा असा की श्रेयाचे क्रेडिट आणि पैशाचे क्रेडिट क्रियापदावरूनच वेगळे कळतात. 'स्टार वॉर्स'च्या १९९९च्या चित्रपटात टॅटूइन ग्रहावरचा भंगारविक्रेता वॉटो रिपब्लिकचे चलन घ्यायला नकार देतो. तिथे 'रिपब्लिकचे क्रेडिट इथं चालत नाहीत' म्हटले की पैसा डोळ्यांपुढे येतो; 'रिपब्लिकचं क्रेडिट इथं चालत नाही' म्हटले तर रिपब्लिकला किती पत आहे याबद्दल बोलणे चालले आहे असे वाटते.

अनेकवचनाला 'स' लावू नये. 'दहा डॉलर' तसे 'दहा क्रेडिट'. 'क्रेडिट्सचे' लिहिले की इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढतो आणि वाक्य जड होते. दर सांगताना एकवचनी रूप वापरावे, जसे आपण 'वीस रुपयाला जुडी' म्हणतो : 'चाळीस क्रेडिटला इंधनाची टाकी'. मोठ्या रकमेला 'पाच हजार क्रेडिटांचं कर्ज' शोभते. संवादात तर एककाचे नाव निम्म्या वेळा गाळावे. बाजारात कोणी दर वाक्याला 'रुपये' म्हणत नाही. 'कितीला देतोस?' 'चाळीसला.' एवढ्यात ते चलन त्या जगात मुरलेले वाटते. आणि कथेतले क्रेडिट फक्त खात्यावरचे असतील, तर 'मोड' आणि 'सुटे' हे शब्द टाळावेत. तिथे रक्कम 'वळती होते', 'वजा होते'.

लॅटिनमचा प्रश्न जास्त नाजूक आहे. 'स्टार ट्रेक'मधला हा धातू द्रवरूप आहे आणि व्यवहारासाठी तो सोन्यात कोंडतात. मूळ शब्दप्रयोगात ('गोल्ड-प्रेस्ड लॅटिनम') आधी सोन्याचे नाव येत असल्याने 'सोन्याचा मुलामा दिलेले लॅटिनम' किंवा थेट 'सोन्याच्या विटा' असे भाषांतर होते. दोन्ही चूक. त्या जगात सोन्याला किंमत नाही, ते नुसते वेष्टन आहे. 'डीप स्पेस नाइन' मालिकेच्या १९९८मधल्या एका भागात मद्याचा बार चालवणाऱ्या, फेरेंगी या परग्रही जमातीतल्या क्वार्कच्या हाती विटा लागतात, पण आतले लॅटिनम आधीच काढून घेतलेले असते. उरलेले निव्वळ सोने बघून तो हताश होतो. भाषांतरात आधीपासून 'सोन्याच्या विटा' असतील, तर हा प्रसंग वाचकाला कळणारच नाही. 'सोन्यात बंदिस्त लॅटिनम' म्हणावे, आणि पहिल्या उल्लेखानंतर नुसते 'लॅटिनम'. प्लॅटिनम, रेडियम यांच्यासारखे ते नपुंसकलिंगी : 'लॅटिनम मिळालं', 'लॅटिनमचा भाव'.

त्याची एकके चार : स्लिप, स्ट्रिप, बार, ब्रिक. १०० स्लिपची एक स्ट्रिप आणि २० स्ट्रिपचा एक बार असा हिशेब सांगतात, म्हणजे एका बारमध्ये २,००० स्लिप. ही आकारावरून पडलेली नावे असल्याने त्यांचे मराठी करायला हरकत नाही. 'ब्रिक'ला वीट, 'स्ट्रिप'ला पट्टी. 'बार'ला सराफाचा 'लगड' हा नेमका शब्द आहे (अनेकवचन 'लगडी'). शिवाय क्वार्कचा व्यवसायच मद्याच्या बारचा, त्यामुळे 'बार' ठेवला तर गोंधळ ठरलेला. 'स्लिप'ला 'चिठ्ठी' म्हणू नये, ती कागदाची वाटते. 'पत्ती' सुचते, पण तिचे 'पत्त्यांत' हे रूप खेळायच्या पत्त्यांशी धडकते आणि क्वार्ककडे जुगारही चालतो. 'चकती' घ्यावी. आकार थोडा चुकतो, पण चकती, पट्टी, लगड, वीट हे चारही स्त्रीलिंगी असल्याने हिशेबाची वाक्ये सुरळीत होतात : 'तीन लगडी नि बारा पट्ट्या झाल्या.'

विशेषनाम असलेली चलने मात्र भाषांतरित करू नयेत. 'ड्यून' कादंबरीतला सोलारी ईकारान्त असला तरी 'सोलाऱ्या' करू नये. 'दहा सोलारी', 'सोलारीचा'. नाव देवनागरीत लिहून एकदा मोठ्याने वाचावे. विनोदी विज्ञानकथा लिहिणाऱ्या डग्लस ॲडम्सच्या विश्वात आठ निंगींचा एक 'पू' होतो, आणि निंगी हे प्रत्येक बाजू ६,८०० मैल असलेले रबरी त्रिकोणी नाणे, त्यामुळे आठ निंगी कोणाकडेच जमत नाहीत. 'पू' मराठीत जखमेतला. त्या विनोदी कथेत ते खपून जाते. गंभीर कथेत असे नाव आले तर दीर्घ स्वर किंवा एखादे अक्षर बदलावे आणि तो बदल पुस्तकभर एकसारखा पाळावा.