ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना

प्रश्न : वडिलांची १९८२ ची मर्सिडीज डब्ल्यू १२३ ऑटोमॅटिक असून आंबा घाट चढताना गिअर घसरतो. मॅन्युअल गिअरबॉक्स बसवावा का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी इंजिन चालू ठेवून ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ऑइल तपासा; पातळी कमी असल्यास, किंवा ते काळपट होऊन जळका वास येत असल्यास, दोष कदाचित दुरुस्तीतच मिटेल.

बदल शक्य आहे, कारण ही गाडी कारखान्यातूनच दोन्ही प्रकारांत निघत असे. मात्र टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचचे काम तेलाच्या साहाय्याने करणारा भाग) आणि तो इंजिनला जोडणारी पातळ चकती, म्हणजे फ्लेक्सप्लेट, काढून तिथे जड फ्लायव्हील (इंजिनमागचे चाक) व क्लच बसवावा लागतो, इंजिनच्या मुख्य दांड्याच्या (क्रँकशाफ्ट) टोकाला गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग लागते, आणि पेडल, क्लचचे सिलिंडर, मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी हे सारे जुळवावे लागते. म्हणून सुटे भाग हुडकण्यापेक्षा त्याच मॉडेलची भंगारातली अख्खी मॅन्युअल गाडी मिळवणे मला शहाणपणाचे वाटते. पेडलमागचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोकरून पाहा. आपल्या खाऱ्या वाऱ्यात तो रंगाखाली पापुद्र्यासारखा सुटतो, आणि क्लच दाबताना असा पत्राच वाकला तर गिअर नीट पडत नाहीत. ऑटोमॅटिकच्या ‘पी’ (पार्क) आणि ‘एन’मध्येच (न्यूट्रल) स्टार्टर चालू देणाऱ्या स्विचची वायरिंगही बदलून घ्या, अन्यथा किल्ली फिरवूनही गाडी गप्प राहील. आरटीओकडे मात्र काम सुरू करण्यापूर्वीच चौकशी करावी.