शाळेत कोणत्या नोंदी ठेवायच्या, हे नव्या लिपिकाने कसं ठरवायचं?
यादी पाठ करण्यापेक्षा एकच विचारा: हा कागद उद्या कोण मागायला येईल? निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला सेवापुस्तक लागतं, लेखापरीक्षकाला कॅशबुक नि पावत्या, पोषण आहाराच्या तपासणीला तांदळाचा रोजचा हिशेब, यूडायसला (शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी प्रणाली) पटसंख्या. हजेरीपट, डेडस्टॉक (टिकाऊ सामानाची नोंद), आवक-जावक (आल्या-गेल्या पत्रांची नोंद) आहेतच.

पण खरा जीव जनरल रजिस्टरात, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात लिहिलेल्या वहीत. ते कायम जपायचं, रद्दीत कधीच नाही. जात पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तो बहुतेकदा आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या याच रजिस्टरात सापडतो. म्हणून जीर्ण पानं आधी स्कॅन करा (लॅमिनेशन नको). जन्मतारीख किंवा जात परस्पर बदलायची नाही, मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं तरी! दुरुस्तीला शिक्षण विभागाची मंजुरी लागते.