सोलर संघटनेचे बिनपगारी पदाधिकारी नेमकं करतात काय?

स्वतः छोटा सोलर व्यावसायिक आहे, म्हणून सांगतो. त्यांचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे नियम मसुद्यात असतानाच त्यावर हरकत घेणं. २०१९ चंच घ्या. राज्य वीज नियामक आयोगाच्या मसुद्यात घरगुती नेट मीटरिंगला, म्हणजे छपरावर तयार झालेली जादा वीज ग्रीडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीला, महिना ३०० युनिटांची मर्यादा सुचवली होती. राज्यभरातून सोलरवाले आणि ग्राहक हरकती घेऊन उभे राहिले. शेवटी आलेल्या विनियमांत नेट मीटरिंग टिकलं.

ही हरकत लिहिणं सोपं नाही. दिवसभर साइट बघायची, रात्री जेवणं उरकून मसुद्याचं कलमन्‌कलम वाचायचं, ग्राहकाच्या वीजबिलावर आकडेमोड करायची, सुनावणीला मुंबई गाठायची. तेही स्वखर्चाने, धंद्याचा दिवस बुडवून.

बाकी फोन चालूच असतात: पॅनल बसले, मीटर कधी येणार? पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते कुठे अडकलं? पुण्याची मास्मा अशाच व्यावसायिकांची संघटना आहे. तुम्ही या धंद्यात असाल तर जरूर सभासद व्हा आणि पुढच्या मसुद्यावर एक पान तरी स्वतः लिहून द्या. या मंडळींना पैशांपेक्षा लिहिणारे हात हवे आहेत.